सांगायला नाही, विचारायला जा

शाळेच्या सुवर्ण महोत्सवाचं पत्र दवाखान्याच्या पत्त्यावर आलं. पाकिटावरचा शाळेचा गोल शिक्का बघितला आणि लसीकरणाची नोंदवही तशीच उघडी टाकून मी पत्र वाचायला बसले. स्मरणिकेसाठी मनोगत हवं, शाळेच्या आठवणी लिहा, असं मुख्याध्यापकांनी कळवलंय. मी बाईंबद्दलच लिहिणार आहे. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. आणि बाई म्हणजे कुठल्या बाई, हे आमच्या १९८९च्या दहावीच्या बॅचला सांगायची गरज नाही.

बाईंची पद्धत सगळ्यांच्या लक्षात असेल. कोणी सलग तीन दिवस गैरहजर राहिलं की शाळा सुटल्यावर दोघीजणींना त्या घरी पाठवायच्या. आठवीत मी मॉनिटर होते, त्यामुळे बहुतेक वेळा माझीच पाळी. श्रावणातली गोष्ट. वर्गातली एक मुलगी पाच दिवस आली नव्हती. घर साकवापलीकडच्या वाडीत. आम्ही छत्र्या सावरत गेलो आणि पडवीत उभ्या उभ्याच मी बोलून मोकळी झाले, "बाईंनी सांगितलंय, उद्या आली नाहीस तर पटावरून नाव कमी होईल." बाईंनी असं काहीही सांगितलेलं नव्हतं. तिची आई सूप घेऊन बाहेर आली, "तिका ताप इलो हा," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना सांगितलं, ताप आहे.

"झोपली होती?"

"नाही, दाराआडून बघत होती."

"मग ताप आहे हे कोण म्हणालं?"

"तिची आई."

"त्याआधी तू काय बोललीस?"

मला उत्तर देता येईना. बाई रागावल्या नाहीत. हजेरीपट मिटून म्हणाल्या, "आज परत जा. सांगायला नाही, विचारायला जा. आणि एकदा विचारलंस की गप्प बस. माणसाला बोलायला वेळ लागतो."

गेले. पडवीच्या पायरीवर बसले, "काय झालं?" विचारलं आणि गप्प राहिले. कौलांवरून पागोळ्या गळत होत्या. तिच्या आईनं कोरा चहा दिला. तो संपला तरी कोणी बोलेना. आत चुलीच्या वर वलणीवर गणवेश टाकला होता, निळा स्कर्ट आणि धुरानं पिवळा पडलेला पांढरा ब्लाऊज. मी तिकडे बघतेय हे बहुतेक त्यांनी बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "एकच आसा. सुकनाच नाय."

बाईंनी ऐकलं, मान हलवली, मला दुसरं काही विचारलं नाही. सोमवारी वर्गात आल्या आल्या म्हणाल्या, "पावसात कपडे वाळत नाहीत. माझंसुद्धा पातळ ओलंच आहे. दसऱ्यापर्यंत या वर्गात घरचे कपडे चालतील." मंगळवारी ती आली. ही सवलत कोणासाठी होती ते वर्गात कोणालाही कळलं नाही. आज लिहिण्याआधी मी तिला फोन केला. म्हणाली, "बाईंचं येतंय ना त्यात? मग लिही."

बारावीनंतर मी परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेले. १८८६ सालचं कॉलेज, शेजारी पेटिट रुग्णालय, ज्याला परळमध्ये सगळे बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. तेव्हा कॉलेज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे होतं, त्यामुळे माझ्या पदवीवर कोकणचं नाव आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. तिथं हाताला वळण लागलं. थर्मामीटरला दोरा बांधून चिमटा शेपटीच्या केसांना लावायचा, शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूला नाडी शोधायची, डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यात, मूठ दाबून धरून घड्याळ लावून पोटाच्या लाटा मोजायच्या. हे शिकवणारे फार मोठ्या योग्यतेचे लोक होते. पण केस पेपरवर सगळ्यात आधी हिस्टरी लिहायची असते आणि तो रकाना आम्ही विद्यार्थी एका ओळीत उरकायचो: 'चार दिवस खात नाही.' एकदा क्लिनिकमध्ये सरांनी माझा कागद वर धरून विचारलं, "चार दिवस हे मालक म्हणाला, की तूच धरून चाललीस?" मी दचकलेच. तो प्रश्न मी आठवीत ऐकलेला होता. कागद घेतला आणि परत मालकाकडे गेले.

त्याचा खरा उपयोग झाला इंटर्नशिपला, आपल्याच जिल्ह्यात. मे महिन्यात एका घरून बोलावणं आलं. गाय दोन दिवस सुस्त, रवंथ बंद. ताप नाही, उलट अंग थोडं थंडच. डोळे खोल गेलेले, शेण पातळ आणि आंबूस वासाचं, भकाळी दाबली की आत पाणी खुळखुळल्यासारखं. घरधनी ठामपणे सांगत होते, रोजचाच चारा, वेगळं काही नाही. मला संशय आला होता, पण खाल्लंय काय आणि किती, ते कळत नव्हतं. मी बॅग मिटली आणि गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले. घरधनी बादली आणायला गेले तेव्हा मागच्या दारातून त्यांच्या घरकारीण आल्या. त्यांनाही मी एवढंच विचारलं, "काय झालं?" बऱ्याच वेळानं पदर सारखा करत म्हणाल्या, "पूजेचो भात उरलेलो. टाकूचो कसो? म्हणान गायीक घातलंय. ह्यांका सांगा नको हां."

टोपभर शिजलेला भात एकदम पोटात गेला की तो आंबतो, पोटात आम्ल वाढतं आणि गाय हातची जाते. खाण्याचा सोडा पाजला, सलाईन लावलं, ब जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं. तिसऱ्या दिवशी गाय रवंथ करायला लागली. घरधन्यांना मी काही बोलले नाही. पुढच्या आठवड्यात त्या वाडीत जंताचं औषध पाजायला गेले तेव्हा सगळ्यांनाच सांगितलं, लग्नापूजेच्या दिवसांत उरलेला भात गुरांना घालू नका. त्या माऊली मागे उभ्या होत्या. बाई माझ्या जागी असत्या तर त्यांनीही असंच केलं असतं.

आज माझ्याकडे परळची मुलं इंटर्न म्हणून येतात. आता इंटर्नशिप पूर्ण वर्षाची झालीय. मुलं हुशार आहेत, सोनोग्राफी आमच्यापेक्षा कितीतरी सफाईनं करतात. मी एकच नियम लावलाय: पहिली दहा मिनिटं बॅग जीपमध्येच राहील. कोणाचं नाव घेऊन सांगते तेही त्यांना माहीत आहे.

शाळेची नवी स्लॅबची इमारत छान झालीय. मागच्या वर्षी आले होते, तेव्हा कळलं की गैरहजर मुलांच्या पालकांना आता मोबाईलवर मेसेज जातो. साकवापलीकडच्या वाडीत अर्ध्या घरांना कुलपं आहेत, गोठ्यांत मोटरसायकली उभ्या असतात. पटसंख्येचा आकडा ऐकून मला परत निघवेना.

बाई आता पुण्याला मुलाकडे असतात. २०२२ साली गुरांमध्ये लम्पी त्वचारोगाची साथ आली त्यानंतर मी त्यांना भेटायला गेले होते. त्या महिन्यांत आम्ही लम्पीवर वापरायची शेळ्यांच्या देवी रोगाची लस घेऊन गोठ्यागोठ्यांत फिरत होतो, तरी डोळ्यांदेखत गुरं गेली. हे मी घरीही बोलले नव्हते. बाईंना तर मी सत्काराचा फोटो दाखवायला गेले होते. त्यांनी फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काय झालं गं?" आणि गप्प बसल्या. मी तासभर बोलत होते. त्या मध्ये एका शब्दानं बोलल्या नाहीत. मग उठून त्यांनी कोरा चहा टाकला.

कार्यक्रमाला बाईंना घेऊन यायची जबाबदारी माझी. त्यांना आता उजव्या कानानंच नीट ऐकू येतं, तेव्हा त्यांची खुर्ची पहिल्या रांगेत डाव्या टोकाला ठेवावी, एवढी समितीला विनंती.