गाडी आली, मग निघत का नाही?

मी १०८ च्या रुग्णवाहिकेवर डॉक्टर आहे हे कळलं, की दोन मिनिटांत हा प्रश्न येतोच. लग्नाच्या पंगतीत आला, एसटीत शेजारच्या सीटवरून आला, परवा सख्ख्या मावशीनं विचारला. "आमच्याकडं गाडी आली होती रे. पण पेशंट आत घेतला, दारं लावली आणि दहा मिनिटं जागची हलली नाही. असं का करता?" नऊ वर्षं मी "तशी पद्धत असते" म्हणून वेळ मारून नेली. ते उत्तर नव्हतं. मावशीनं पुन्हा तेच विचारलं, म्हणून आज तुम्हा सगळ्यांना नीट सांगतो.

गाडी उशिरा का आली, हा वेगळा प्रश्न. त्यावर भांडायचं असेल तर मी तुमच्याच बाजूनं भांडेन. इथं फक्त आल्यानंतरचं.

दारं लावल्यावर आत मी एकटा असतो. पायलट, म्हणजे आमचा ड्रायव्हर, पुढे, मी मागे, बस्स. अपघातातल्या माणसाच्या तोंडात रक्त साचलेलं असतं. ते सक्शननं ओढून काढलं नाही तर तो वाटेतच गुदमरतो. मान मोडल्याची शंका असेल तर मानेला कॉलर, म्हणजे कडक पट्टा, लावल्याशिवाय हलवता येत नाही. सलाइनसाठी खोल गेलेली शीर उभ्या गाडीत कशीबशी सापडते, घाटाच्या वळणावर नाही सापडत. २०१४ साली ही सेवा सुरू झाली तेव्हा राज्यभरासाठी ९३७ गाड्या आल्या. २३३ मोठ्या, व्हेंटिलेटर आणि डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं यंत्र) असलेल्या, ७०४ साध्या. डॉक्टर मात्र प्रत्येकीत दिला. नुसतं उचलून न्यायचं असतं तर गावातली जीप पुरली असती. आणि हो, मी बीएएमएस आहे, आयुर्वेदाची पदवी. "खरा डॉक्टर नाही, म्हणून घाबरून थांबतो" हेही ऐकून झालंय.

घाबरतो मी. पण थांबायला नाही. एकदा घाबरून निघालो होतो, ते सांगतो.

पाटण तालुक्यातली एक वाडी, भातलावणीचे दिवस. छातीत कळ आली म्हणून फोन आला होता, वय ५८. आम्ही पोचायच्या चार-पाच मिनिटं आधी ते ओसरीवर कोसळले होते. कुणी कांदा फोडून नाकाला लावत होतं, कुणी तळपाय चोळत होतं. छाती कुणीच दाबत नव्हतं, कारण कुणाला कधी शिकवलेलंच नाही. मी छातीवर शॉकचे पॅड चिकटवले. मॉनिटरवर नुसती थरथर. म्हणजे हृदय हलतंय, पण रक्त ढकलत नाही. अशा वेळी शॉक आणि छाती दाबणं, हे दोन मुख्य उपाय, आणि दोन्ही तिथल्या तिथे करायचे. दोन्ही मिळाले नाहीत तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते.

पहिला शॉक दिला. दोन मिनिटं छाती दाबली. दुसरा शॉक दिला, आणि थरथर थांबून मॉनिटरवर ठोके नीट दिसायला लागले. मनगटावर नाडी लागली. खरंच लागली. मी मोजत होतो. वीसेक सेकंदांनी पुन्हा थरथर.

तोवर अंगणात चाळीस माणसं जमली होती. "आवो डॉक्टर, करंट काय देताय माणसाला, आधी गाडी काढा की!" पेशंटच्या मुलानं माझी बाही धरली. तो मारायला आला नव्हता, रडत होता. पण मागून कुणीतरी "धरा रं ह्याला" म्हणालं, आणि दोनच महिन्यांपूर्वी माझ्या ओळखीच्या डॉक्टरला जमावानं गाडीतून ओढून मारलेलं मला आठवलं. पायलट, आमचे तात्या, माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "काढा."

मग १८ किलोमीटर. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाबायचं असतं. त्या रस्त्यावर एका हातानं दांडा धरून दुसऱ्या हातानं मी जे करत होतो, त्याला दाबणं म्हणत नाहीत. तीस दाबून दोन श्वास, तोंडावर धरून हवा भरायची ती पिशवीही मीच दाबायची. गाडी हलत असली की मॉनिटरवरची रेघ हिंदकळते, शॉक द्यायचा की नाही समजत नाही. म्हणून तात्यांना सांगून एकदा थांबवली. पुढे बसलेल्या मुलानं मधल्या काचेवर मुठी आपटल्या. "थांबवू नका! पाया पडतो, थांबवू नका!" पुन्हा नाही थांबवली.

रुग्णालयात पोचल्यावर मृत घोषित केलं. मुलाचे चुलते माझ्याजवळ आले आणि शांतपणे म्हणाले, "अंगणात पंधरा मिनिटं घालवलीत तुम्ही." मी कागद भरत राहिलो.

पुढची काही वर्षं मी स्वतःला सांगत होतो, की लोकांनी त्यांना मारलं. माझ्यातला तो तरुण डॉक्टर अजूनही तेच म्हणतो: नाडी लागली होती, आणखी दहा मिनिटं मिळाली असती तर... तो चुकतोय असं मला सिद्ध करता येत नाही. पण त्या लोकांनी काय बघितलं होतं आजवर? दवाखाना म्हणजे जीव वाचतो, घर म्हणजे मरण, हेच ना? १९६६ च्या सुमारास उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये हृदयाचे डॉक्टर फ्रँक पँट्रिज यांनी डिफिब्रिलेटर गाडीत बसवून थेट पेशंटच्या दारात नेला, कारण हृदयविकाराची माणसं रुग्णालयात पोचायच्या आधीच दगावत होती. अंगणात रडणाऱ्या मुलाला हे कुणी सांगायचं? आणि कधी?

शिवाय तुमचं ओरडणं काही वेळा बरोबरही असतं. ट्रॅक्टरखाली सापडलेल्या एका माणसाजवळ शीर शोधत मी सहा-सात मिनिटं घालवली. पोटात रक्त वाहत होतं, आणि ते फक्त ऑपरेशनच्या टेबलावर थांबतं. तिथं उचलून पळायलाच हवं होतं. १९९७ साली पॅरिसमध्ये प्रिन्सेस डायना यांना रुग्णालयात पोचवायला अपघातानंतर दीड तासाहून जास्त वेळ लागला, कारण तिथले डॉक्टर जागेवरच उपचार करत राहिले. त्यावरून जगभरचे डॉक्टर अजून भांडतात. मग भर अंधारात, बॅटरीच्या उजेडात, मी तीस सेकंदांत ठरवलेलं दर वेळी बरोबर असेल कसं? चुकतो मी. पण गाडी उभी आहे म्हणजे मी हात बांधून बसलोय, एवढं तरी समजू नका.

आता मी एक करतो. पोचलो की गर्दीतल्या सगळ्यात जवळच्या माणसाला, जो सगळ्यात जास्त ओरडतोय त्याला, आत बोलावतो. म्हणतो, "दादा, ही पिशवी धर. मी सांगितलं की दाब." शिकवायला दहा सेकंद लागतात. दुसऱ्याला म्हणतो, "माझे हात बघ, मी दमलो की इथंच दाबायचं." मग मला दांडा सोडून दोन्ही हात वापरता येतात. गाडी थांबवली तरी आतून कुणी काच वाजवत नाही.

त्या दिवशी अंगणात चाळीस माणसं होती. मुलगा तर माझी बाहीच धरून उभा होता.