चार काड्यांचे पाहुणे

परवा दुपारी अक्षय तृतीयेच्या श्रीखंडासाठी केशर भिजत घातलं. चष्मा डोळ्यांवरच होता, म्हणून कोमट दुधात तरंगणाऱ्या काडीचं टोक दिसलं. सनईच्या तोंडासारखं पसरलेलं, कडेला बारीक दाते. केशर हे फुलातलं काहीतरी आहे, हे एरवी डोक्यात येतं कुठे? डबीतून येतं, दुधात जातं, संपलं.

इंदूरला राजवाड्यामागच्या आमच्या जुन्या घरी ती डबी आजीच्या कपाटात दागिन्यांशेजारी असे, किल्ली कमरेला. कोजागिरीला डबी निघाली की आम्ही पोरं भोवती गोळा. वास मात्र लांबूनच घ्यायचा, श्वास जोरात सोडला तर काडी उडेल! व्याह्यांना दहा काड्या, बाकीच्यांना चार, आणि काही ठरावीक नातेवाइकांना नुसती हळद. हळदीचं दूध पिऊन "वा, केशर काय खुललंय" म्हणणारे एक काका होते. आजीच्या चेहऱ्यावरची रेघही हलत नसे.

मागे भाच्याने कुठूनसे केशराचे कंद मागवून दिले. लसणाच्या छोट्या गड्ड्याएवढे, वर तपकिरी तंतूंची साल. आमची मालव्याची काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात कंद कुजायचे, म्हणून कुंडीत निम्मी वाळू घातली. दिवाळीच्या आसपास एका सकाळी मातीतून थेट जांभळं फूल वर आलेलं. देठ नाहीच. देठ वाटते ती फुलाचीच लांब नळी, आणि बीजकोश खाली मातीत, कंदापाशी. सहा पाकळ्या, तीन पिवळे पुंकेसर आणि पाकळ्यांच्या फटीतून बाहेर लोंबणारे तीन लालभडक तंतू. बस, एवढाच माल. एक ग्रॅम सुक्या केशराला अशी साधारण 150 फुलं लागतात.

आत्या म्हणाली, "तोड बाई, कोमेजलं म्हणजे वाया जाईल."

नाही तोडलं. काश्मीरला पांपोरच्या शेतांत पहाटे, फूल पुरतं उमलायच्या आत खुडतात. त्यांचं ते पीक आहे, त्यांनी खुडायलाच हवं. माझ्या गॅलरीत आलं ते फूल होतं. आजी असती तर तिने मात्र आधी तंतू काढून घेतले असते आणि मग कौतुक केलं असतं.

या झाडाला बी धरत नाही. गुणसूत्रांचे संच तीन, त्यामुळे वांझ. रानात ते आपोआप उगवलेलं सापडत नाही. कोणीतरी कंद उकरायचे, त्यांची पिल्लं सुटी करायची आणि पुन्हा लावायची, असं हजारो वर्षं चालत आलं म्हणून केशर आहे. मधल्या एखाद्या पिढीने कंटाळा केला असता तर संपलंच होतं. मला हे वाचल्यापासून जरा भीतीच वाटते.

यंदा नुसती गवतासारखी पानं आली, फूल नाही. आता या उन्हात तीही वाळली. शेजारची भाभी दोनदा विचारून गेली, "गमला खाली है तो धनिया डाल दूँ?" मी अजून हो म्हटलेलं नाही.