टी नेहमी जोडीनंच येतो

१० नोव्हेंबर, रात्री सव्वाअकरा

आज किरणोत्सवाचा दुसरा दिवस. आईला घेऊन अंबाबाईला गेलो होतो, पाच वाजताच, कारण नंतर गर्दीत पाय ठेवायला जागा मिळत नाही. महाद्वारातून ऊन आत शिरलं, गरुड मंडपातून पुढं सरकत सरकत गेलं, आतले दिवे बंद केलेले, सगळ्यांच्या माना वर, आणि नेमकं शेवटच्या पाच मिनिटांत पश्चिमेला ढग आला. किरण कमरेच्या खालीच विरघळले. शेजारी एक आजोबा उभे होते ते म्हणाले, "पूर्वी असं व्हायचं न्हाई, म्हाद्वार रोडवर ह्या बिल्डिंगा उठल्या तवापास्नं घोळ हाय." आई हात जोडून उभी आणि मी काय विचार करत होतो सांगू का, इथं गेममधला एक कनेक्टर पाहिजे, किरण वळवणारा. त्या बिल्डिंगच्या गच्चीवर एक तिकाटणं ठेवायचं, सूर्याला जोडायचं, दुसरं टोक गाभाऱ्यात. काम खल्लास. आईला सांगितलं असतं तर तिथंच कानाखाली बसली असती.

गेले दोन महिने डोक्यात हेच चाललंय. द टॅलोस प्रिन्सिपल, कोड्यांचा व्हिडिओ गेम. तसा जुना आहे, २०१४ चा, पुढचा भागही २०२३ ला येऊन गेला, पण मी सेलमध्ये घेऊन ठेवला होता आणि लायब्ररीत धूळ खात पडला होता. क्रोएशियाच्या क्रोटीम कंपनीचा आहे. हे तेच सिरियस सॅमवाले, ज्यांच्या गेममध्ये शंभर राक्षस एकदम ओरडत अंगावर येतात. त्या माणसांनी हा शांत, पक्ष्यांचे आवाज असलेला, रिकाम्या देवळा-भग्नावशेषांतून फिरायचा गेम काढावा म्हणजे आमच्या गल्लीतल्या डॉल्बीवाल्यानं सतार शिकवायला घेतल्यासारखं आहे. म्हणे त्यांच्या शूटिंगच्या गेमसाठी दारं-बंदुका बंद पाडणाऱ्या जॅमरची आयडिया निघाली होती, तीच वाढत वाढत इथवर आली.

(पुढं गेमचा शेवट फोडणार आहे. खेळायचा असेल तर इथंच थांबा.)

तर तुम्ही डोळे उघडता, हात उन्हापुढं धरता आणि हात लोखंडी. म्हणजे तुम्ही रोबो. आभाळातून आवाज येतो, त्याचं नाव एलोहिम, तो म्हणतो मी तुला घडवलं, ही बाग तुझी, सगळीकडं फिर, कोडी सोडव, तुकडे गोळा कर, फक्त त्या मधल्या मनोऱ्यावर चढू नको. बस. मनोरा एवढा मोठा आणि ढगात गेलेला की कुठूनही दिसतो, आणि चढू नको म्हणे. लहानपणी रंकाळ्यावर गेलं की आई म्हणायची पायरीच्या खाली जायचं नाही, तिथनं पुढं मला रंकाळ्यात त्या खालच्या पायरीशिवाय दुसरं काही दिसायचंच नाही.

तरी मी गुणाचा निघालो. पहिल्या खेपेला मनोऱ्याकडं फिरकलोच नाही, सांगितलेले तुकडे गोळा केले, देवळातल्या मोठ्या दारातून उजेडात गेलो, आवाजानं शाबासकी दिली, छान वाटलं. आणि मग काळ्या स्क्रीनवर कॉम्प्युटरची अक्षरं पळायला लागली आणि त्यात एक ओळ, स्वतंत्रपणा तपासला, नापास. पुन्हा पहिल्यापासून, नवा नंबर देऊन. मी दहा मिनिटं लॅपटॉपकडं बघत बसलो. आयुष्यात कुणाचं ऐकून कधी नापास झालो नव्हतो. शाळेत तर ऐकण्याचेच मार्क होते.

कोड्यांबद्दल लिहितो, नाहीतर सगळं तत्त्वज्ञानच वाटेल. शंभराच्या वर कोडी आहेत. साहित्य मोजकं. जॅमर म्हणजे दार किंवा बंदूक बंद पाडणारं यंत्र, कनेक्टर म्हणजे लाल-निळा किरण एका जागेवरनं दुसऱ्या जागी वळवणारं तिकाटणं, ठोकळे, पंखे, आणि पुढं रेकॉर्डर. किरणाच्या मध्ये काही आलं की तुटतो, एक रंग दुसऱ्याला छेदला की अडतो, एवढाच नियम आणि तेवढ्यावर माणूस रात्री दोनपर्यंत जागतो. दोन जॅमर असतील तर एकानं दुसऱ्याची वाट मोकळी करायची, मग दुसऱ्यानं पहिल्याची, हे दोन शेजाऱ्यांनी शिडी आळीपाळीनं धरावी तसं. पण मला सगळ्यात जास्त खाल्लं ते रेकॉर्डरनं. बटण दाबलं की तुम्ही जे कराल ते रेकॉर्ड होतं आणि मग तुमचं भूत तेच परत करतं आणि तुम्ही त्याच्या सोबतीनं दुसरं काम करता. त्यामुळं रेकॉर्ड करताना नुसतं बटणावर उभं राहायचं, मनात आकडे मोजत, कारण मगाचा मी उद्याच्या मला वेळ देतोय. मी एकदा घाईनं आठ सेकंद आधीच उतरलो आणि मग दार तोंडावर बंद, आणि समोर माझंच भूत निवांत उतरून चाललंय. एवढा राग मला कुणाचाच आला नव्हता. बाजूच्या खोलीतनं बायको, "कुणाला शिव्या घालायलायस एवढ्या?" काय सांगणार.

आता आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गोष्ट.

प्रत्येक कोड्याच्या शेवटी जो तुकडा मिळतो तो टेट्रिसच्या आकाराचा असतो, चार चौकोन जोडलेला. आणि मोठी दारं उघडायची तर ते तुकडे एका आयतात बिनफटीचे बसवायचे. मी एका दारावर तीन संध्याकाळी बसलो होतो. आण्णा चहाचा कप घेऊन मागं येऊन उभे. "काय रं, परवापास्नं ह्याच पानावर हाईस." मी म्हटलं बसंना. त्यांनी काही न बोलता लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढला, त्यातल्या एका जाड पत्रिकेच्या मागं पट्टीनं चौकोन आखले आणि कात्रीनं ते सगळे तुकडे कापले. चष्मा कपाळावर. टेबलावर पसरून पाच-सात मिनिटं नुसतं बघत होते, हात लावला नाही. मग इंग्रजी टीच्या आकाराचा एक तुकडा उचलून कोपऱ्यात घातला, त्याच्या कुशीत दुसरा टी उलटा, आणि बाकीचे मग चटाचटा. "टी एकटा टाकला की बाजू बिघडती. त्याला जोडीदार लागतो."

मी नंतर कागदावर करून बघितलं तर शंभर टक्के खरं. बुद्धिबळासारखे काळे-पांढरे चौकोन रंगवा, टी सोडून बाकी सगळे आकार दोन काळे दोन पांढरे झाकतात, टी मात्र तीन आणि एक. आयतात काळे-पांढरे सारखेच, म्हणून टी सम संख्येतच पाहिजेत. मी इंजिनिअरिंग केलंय. आण्णा सातवी. एकतीस वर्षं शिरोलीच्या एका फाउंड्रीत पॅटर्न शॉपला (साच्यासाठीचे नमुने बनवायला) होते, आणि एका मोल्ड बॉक्समध्ये जास्तीत जास्त पॅटर्न कसे बसतील, कास्टिंगला धातू पाजणारे रायझर कुठं ठेवायचे, हवा कुठनं काढायची, ह्यातच त्यांचं आयुष्य गेलं. रिकामी जागा दिसली की त्यांना तिथं काहीतरी बसवावंसं वाटतं, आईच्या फ्रीजमध्येसुद्धा.

त्या दिवसापासून ते रोज रात्री जेवण झालं की येऊन बसायला लागले. इंग्रजी वाचायचं मी, मराठीत सांगायचं मी, बोलायचं त्यांनी.

एकदा मी त्यांना टॅलोस कोण ते सांगितलं. ग्रीक लोकांची कथा आहे, क्रीट बेटाचा पहारेकरी, अख्खा पितळ-काशाचा माणूस, दिवसातनं तीनदा बेटाला फेरी मारायचा, परकं जहाज दिसलं की दगड भिरकवायचा. अंगात एकच शीर, मानेपासून घोट्यापर्यंत, आणि घोट्याला खिळा ठोकून बंद केलेली. मीडिया नावाच्या जादूगारणीनं तो खिळा काढायला लावला आणि आतला रस वितळलेल्या शिशासारखा वाहून गेला, टॅलोस पडला. आण्णा एकदम सरळ बसले. "आरं ही तर भट्टीच की." कपोल्याला, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीला, खाली एक भोक असतं, मातीचा गोळा दाबून बंद केलेलं, रस काढायची वेळ झाली की सळईनं फोडायचं. आणि तुमच्या त्या ग्रीकांनी भट्टीलाच हातपाय लावल्यात, म्हणाले. मग बराच वेळ भट्टीच्याच गोष्टी. पाणी लागलेल्या मोल्डमध्ये रस पडला की कसा उडतो, हातावरचा तो पांढरा डाग कुठल्या सालचा.

गेममध्ये स्ट्रेटॉन नावाचा एक ग्रीक तत्त्वज्ञ आहे, खरा नाही, गेमवाल्यांनीच उभा केलेला. त्याचं म्हणणं साधारण असं, की टॅलोस चालायचा, त्याला काही हवं असायचं, काही नको असायचं, आणि त्याच्या अंगातनं रस गेला की तो मेला. मग माणूससुद्धा तसंच एक यंत्र नसेल कशावरनं? आणि तू कितीही मोठा तत्त्वज्ञ अस, तुझ्या मताला कितीही चिकटून अस, रक्ताशिवाय तुझं चालत नाही. हाच तो टॅलोस प्रिन्सिपल.

मी हे मराठीत सांगितलं आणि सांगता सांगता माझाच आवाज बसला. गेल्या दिवाळीत आण्णांना अटॅक आला होता. पहाटे तीनला रिक्षातनं नेलं. दोन स्टेंट. डॉक्टरनं स्क्रीनवर दाखवलं होतं, काळी बारीक नळी, मध्ये अडलेली, आणि मग अडलेलं सुटून पुढं सगळं भरत गेलेलं. आण्णांनी सदऱ्यावरनं छातीवर टिचकी मारली आणि म्हणाले, "दोन रायझर बसवल्यात माझ्यात. मग मी माणूस किती टक्के, विचार त्या तुझ्या कॉम्प्युटरला."

तो कॉम्प्युटर म्हणजे मिल्टन. बागेत जागोजागी टर्मिनल आहेत, त्यात हा बसलेला. तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा म्हणतो आणि प्रश्न विचारतो. तुम्ही जे उत्तर द्याल ते दोन प्रश्नांनी तुमच्याच तोंडून खोडून घेतो, आणि वर सांगतो की हे तुझ्या आधीच्या उत्तराशी जुळत नाही. एकदम वकिली पोरगा. मला भयंकर चीड आली त्याची आणि तरी प्रत्येक टर्मिनल दिसलं की पळत जायचो. आण्णांचा सल्ला, "त्याला एक उत्तर दे आन तेच धरून बस, युनियनच्या मीटिंगला करतात तसं." तसंही करून बघितलं. मिल्टन त्यालाही चिमटा काढतोच.

पुण्याचा माझा एक दोस्त आहे, त्यानं हा गेम कधीच संपवलाय, तो म्हणतो भावा टर्मिनल सगळी स्किप कर, कोडी एक नंबर आहेत, बाकीचा फिलॉसॉफीचा क्लास कोण करतो. माझी इचलकरंजीची मावसबहीण बरोबर उलटी, तिनं एकेक ओळ वाचली, भिंतींवर आधीच्या रोबोंनी रंगानं लिहून ठेवलेले निरोपसुद्धा, आणि अवघड कोड्यांची उत्तरं सरळ यूट्यूबवर बघून टाकली. तिला लाज नाही आणि खरं सांगायचं तर मलाही तिचं चुकलं असं वाटत नाही. पण मी एकदाच बघितलं, एका ताऱ्यासाठी (तीस तारे लपवलेत, त्यातले काही तर एका कोड्याचा किरण भिंतीवरनं दुसऱ्या कोड्यात नेल्याशिवाय मिळतच नाहीत), आणि तो तारा मिळून काहीच वाटलं नाही. मागून आणलेल्या पुरणपोळीसारखा.

टर्मिनलमधल्या फायली अर्ध्या सडलेल्या असतात. मधेच वाक्य तुटतं, आकडे आणि कचरा येतो, मग परत दोन ओळी. माणसं संपलेली आहेत. बर्फाखाली गाडलेला एक जुना विषाणू गरमीनं सुटला आणि औषध सापडलं नाही. शेवटच्या दिवसांत काही लोकांनी जमेल तेवढं सगळं साठवून ठेवलं आणि मागं हे यंत्र चालू ठेवलं, कधीतरी त्यातनं विचार करणारं कुणीतरी निघेल म्हणून. ॲलेक्झांड्रा ड्रेनन नावाच्या बाईचं रेकॉर्डिंग सापडत जातं. थकलेला आवाज. तिला माहितीय ती ते बघायला नाही. हे २०१४ ला लिहिलंय, कोरोनाच्या आधी.

त्या फायली बघून मला शाहूपुरीतली आत्या आठवली. २०१९ च्या पुरात तिच्या घरात छातीभर पाणी. ओसरल्यावर आम्ही गेलो तर तिनं गॅलरीत दोरी बांधून कपडे नाही, कागद वाळत घातले होते. सातबारा, मार्कलिस्ट, मामांची पत्रं. पत्रांची शाई पसरलेली, एक ओळ नीट, मग निळा डाग, मग "…तब्येत सांभाळ", मग परत डाग. तिनं ती फेकली नाहीत, अजून कपाटात आहेत. कुणी वाचणार आहे का? मी वाचली ना त्या दिवशी, दोरीखाली उभा राहून.

मनोरा अजून राहिलाय. आज चढणार होतो. एलोहिम ओरडणार, थांब म्हणणार, मला माहितीय, इचलकरंजीच्या मावसबहिणीनं सांगूनच टाकलंय. पण आण्णा म्हणाले वरच्या मजल्याला जायच्या आधी शेवटचं दार मी लावणार. म्हणून थांबलो, आणि आत्ता कापलेल्या तुकड्यांचा डबा उघडला तर एक टी गायब. आईनं केर काढताना उडवलाय, ती कबूल करत नाही. अकरा वाजून गेलेत, गोळ्या घेऊन झोपायचं सोडून ते परत चष्मा कपाळावर घेऊन पत्रिका शोधायलेत. जाड कागदाचीच पाहिजे म्हणे, पातळ चालत नाही.