आमची वाटचाल : टाक्याआधीचं काम

२०११ मध्ये ठाण्यात नौपाड्याला, घराच्या पुढच्या खोलीत, मी आणि माझ्या जाऊबाई अशा दोघींनी काम सुरू केलं. साड्यांना फॉल-बीडिंग हे रोजचं काम, भरतकाम आलं तर आलं. ते विचारायला येणाऱ्या बायका जांभळी नाक्यावर चौकशी करूनच यायच्या. कॉम्प्युटरच्या मशीनवर हेच डिझाइन किती स्वस्तात होतं, हे त्या लगेच सांगायच्या. मशीनशी भावात आम्ही कधीच पुरे पडलो नसतो. म्हणून ठरवलं, फक्त हातकाम करायचं आणि ते असं करायचं की दहा धुण्यांनंतरही फूल फुलासारखं दिसेल. त्यासाठी सुई कापडात जाण्याआधीची तयारी सुधारावी लागली. आमचा धंदा वाढला तो त्या तयारीवर.

सुती, मलमल, लिनन, काहीही असो, आम्ही कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच घेतो. कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं, धागा तेवढा आटत नाही आणि भरलेल्या भागाभोवती चुण्या पडतात. मरून, लाल रंगाचा धागा ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघतो. रंग लागला तर ती लडी फिक्या कापडासाठी बाजूला.

छापणं हे आमच्याकडे स्वतंत्र कसब मानतात. बटर पेपरवर डिझाइन काढायचं, रेषेवर सुईने जवळजवळ भोकं पाडायची, कागद कापडावर पक्का टाचायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ कापसाच्या बोळ्याने हलकेच फिरवायची. गडद कापडाला निळीऐवजी पांढरी पूड. बोळा जास्त ओला झाला की रेषा फुटते. रेशमाला रॉकेल नकोच. आता पेनंही मिळतात, पण ती ओळखून वापरावी लागतात. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनवर धुण्याआधी इस्त्री फिरली तर डाग पक्का बसतो. इस्त्रीच्या उष्णतेने उडणाऱ्या पेनची रेषा थंडीत पुन्हा उमटू शकते, म्हणून ते पेन आम्ही टाक्याखाली पूर्ण झाकल्या जाणाऱ्या रेषेलाच वापरतो.

कापड ताणून धरायच्या रिंगच्या आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळली की कापड सरकत नाही आणि वळही कमी पडतो. कापड उभ्या-आडव्या धाग्याला सरळ ठेवूनच ताणायचं. रात्री रिंग काढून ठेवायची, यात आमच्याकडे सवलत नाही. ठाण्याच्या पावसाळ्यात सुया हां हां म्हणता गंजतात आणि गंजकी सुई पांढऱ्या मलमलीवर ठिपका सोडते. त्यामुळे जून ते सप्टेंबर सुया घट्ट झाकणाच्या डबीत, ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत.

लडीतला धागा सहा पदरी असतो. कोपरापर्यंत, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर, एवढाच घ्यायचा. लांब धागा कापडातून पुन्हा पुन्हा जाऊन झिजतो, त्याची चमक जाते. जरीचा तर त्याहून आखूड. हवे तेवढे पदर एकेक करून सुटे ओढायचे आणि मग परत एकत्र करायचे. पीळ सुटतो, धागा सपाट बसतो. सॅटिन टाक्यात, म्हणजे शेजारी शेजारी टाके घालून आकार पूर्ण भरतो त्यात, हा फरक लगेच दिसतो. तो टाका आम्ही आकाराच्या मधून सुरू करतो, आधी एक बाजू, मग दुसरी, म्हणजे तिरपेपणा बिघडत नाही. पाकळीच्या कडेला आधी बारीक टीप घातली की काठ धारदार येतो. गाठीच्या टाक्यात सुई जिथून वर आली त्याच भोकात परत घातली तर गाठ खाली निसटते. कापडाचा एखादा धागा तरी सोडावा आणि डाव्या हाताचा ताण शेवटपर्यंत ठेवावा.

इरकलीवरच्या कसुतीने, म्हणजे धारवाडकडच्या भरतकामाने, आम्हाला खरी ओळख दिली. आमच्याकडच्या एक मावशी मूळच्या धारवाडच्या. त्यांच्याकडून आम्ही गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी हे कसुतीचे चार टाके शिकलो. इथे छापायचं काहीच नसतं, कापडाचे धागे मोजायचे. गवंतीत जाताना एक टाका सोडून एक घालायचा, येताना रिकाम्या जागा भरायच्या. दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि गाठ चालत नाही. म्हणून कुठून जायचं आणि कुठून परतायचं हे आधी कागदावर आखतो. ज्या कापडाचे धागे मोजता येत नाहीत, तिथे वर जाळी टाचून भरायचं आणि शेवटी जाळीचे धागे एकेक ओढून काढायचे. भाव विचारणाऱ्यांना आता मी ब्लाउज उलटा करून मागची बाजू दाखवते.

कामं वाढली तशा कळवा आणि कोपरीतल्या बायका घरी काम नेऊ लागल्या. त्यांना आम्ही छापलेलं कापड, कापून कार्डावर लावलेले धागे आणि नमुन्याचा तुकडा देतो. छापण्याची मजुरी वेगळी, भरण्याची वेगळी, शेवटच्या सफाईची वेगळी. सगळं एकाच दरात घातलं की तयारी उरकली जाते, असं माझं ठाम मत आहे. २०२० च्या टाळेबंदीत हीच तयार पाकिटं आम्ही शिकणाऱ्यांना पोस्टाने पाठवली आणि त्यातून शनिवारचा वर्ग उभा राहिला.

वर्गाला येताना स्वतःची रिंग, बारीक टोकाची कात्री आणि धुतलेल्या मलमलीचा तुकडा आणावा. पहिल्या शनिवारी फक्त छापणं आणि धागा सुटा करणं शिकवतो. आमच्याकडून नेलेला कपडा गार पाण्यात रिठ्याने धुवा, पिळू नका, जाड टॉवेलवर उलटा ठेवून इस्त्री करा. एखादा टाका सुटला तर घेऊन या, तो आम्ही पैसे न घेता नीट करून देतो.