तुम्ही विचारलंत म्हणून: फुकटच्या गोळ्या लोक का सोडतात?

पालघरच्या आदिवासी पट्ट्यात मी कुष्ठरोग तंत्रज्ञ होतो, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "सरकार गोळ्या फुकट देतं, कोर्स सहा महिन्यांचा नाहीतर वर्षाचा, आजार पूर्ण बरा होतो. मग लोक मधेच का सोडतात हो?" विचारणाऱ्याच्या सुरातच उत्तर असतं: अडाणीपणा. मला ते कधी पटलं नाही.

कुष्ठरोगाचा चट्टा दुखत नाही. खाजत नाही, ताप आणत नाही. बधिर असतो, एवढंच. दाढ दुखली तर माणूस रात्री डॉक्टरला उठवेल. न दुखणाऱ्या चट्ट्यासाठी रोज गोळी घ्यायची, म्हणजे निव्वळ आमच्या शब्दावर विश्वास टाकायचा.

आणि गोळ्या सुरू झाल्यावर त्याला काय दिसतं? महिन्याचा डोस आमच्यासमोर घेतला की रिफाम्पिसिनने लघवी लाल होते. आधी सांगून ठेवलं नसेल तर गडी पुढच्या महिन्यात फिरकत नाही. डॅप्सोनने रक्त कमी होऊ शकतं, आणि आमच्याकडच्या बायकांच्या अंगात ते आधीच किती असतं! एमबी म्हणजे जास्त जंतूंच्या प्रकारात क्लोफाझिमिनही असतं, २०२५ पासून पीबी म्हणजे कमी जंतूंच्या प्रकारातही. त्याने कातडी काळवंडते, कोरडी पडते. औषध संपल्यावर काही महिन्यांनी रंग निवळतो, पण तोवर गाव थांबत नाही. चट्टा पदराखाली झाकलेला होता, चेहरा कसा झाकणार? आजार कोणाला दिसत नव्हता, औषधाने तो दिसायला लागला. "काय गं, एवढी काळी पडलीस?" सासरी नांदणाऱ्या बाईला हा प्रश्न परवडत नाही. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून २०१९ पर्यंत कायद्यातच लिहिलेलं होतं. मग महिन्याच्या गोळ्यांचं पाकीट माहेरी ठेवलं जातं, आणि माहेरी रोज कोण जातं?

सगळ्यात जास्त माणसं मात्र रिअ‍ॅक्शनमध्ये हातची जातात. मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवरसुद्धा शरीर चवताळतं. चट्टे लाल होऊन सुजतात, कोपराजवळची नस ठणकते. अशा वेळी गोळ्या चालूच ठेवायच्या असतात, जोडीला प्रेडनिसोलोन द्यायचं असतं, तेही नस निकामी होण्याआधी. पण रुग्णाचा हिशेब सरळ असतो: गोळ्या नव्हत्या तेव्हा दुखत नव्हतं, घेतल्या आणि दुखायला लागलं. तो सोडतो. उशीर झाला तर बोटं वाकडी होतात. मग सगळ्या पाड्यात एकच बोललं जातं, गोळ्यांनी हात गेला. त्या पाड्यावरचा पुढचा रुग्ण शोधायला आम्ही किती चपला झिजवल्या, विचारू नका.

उरलेलं पोटाचं. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याकडची कुटुंबं भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. उचल घेतलेली असते, गोळ्यांसाठी सुट्टी कोण देणार? नियमात सवड आहे. एमबीची १२ पाकिटं १८ महिन्यांत, पीबीची ६ पाकिटं ९ महिन्यांत संपली तरी कोर्स पूर्ण धरतात. जाणाऱ्याच्या हाती पुढची पाकिटंही देता येतात. पण तो कधी निघणार हे आधी कळायला हवं, आणि ते कळतं फक्त आशाताईला. एमबी रुग्णाचा कोर्स पूर्ण करून घेतला की तिला मिळतात ६०० रुपये. वर्षभराच्या पाठपुराव्याचे!

शिकलेल्यांचं म्हणाल, तर तेही सोडतात. सरकारी यादीत नाव नको म्हणून दुसऱ्या शहरातला खाजगी डॉक्टर गाठतात. बायकोलासुद्धा सांगत नाहीत, आणि चट्टा पुसट झाला की जाणं बंद करतात. त्यांचं नाव कुठल्याच रजिस्टरात नसतं, त्यामुळे दारात जाऊन "पाकीट संपलं का?" विचारायला कोणी जात नाही.