चालतं बोअर बंद का केलंत?

सासवडच्या बाजारात अंजिराच्या पाट्या उतरवताना, लग्नाच्या पंगतीत, पीककर्जाच्या रांगेत मला एक प्रश्न हमखास येतो. "अण्णा, बोअरला दोन इंची पाणी होतं म्हणे. मग मोटर काढलीत कशापायी?" उभ्या उभ्या सांगण्यासारखी ती गोष्ट नाही, म्हणून मी विषय बदलतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं सांगतो.

बोअर घेतलं 2013 च्या मार्चात. आदल्या वर्षीचा पाऊस वाया गेलेला. आजोबांनी 1972 च्या दुष्काळानंतर खणलेली आमची 45 फुटांची विहीर तळाला गेली होती आणि मीठा बहार, म्हणजे उन्हाळ्यातली फळं, धरलेली अंजिराची दीडशे झाडं पानं टाकत होती. पाणाडी आला, त्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला, रात्री बोअरची गाडी आली. शंभर, दोनशे, अडीचशे फूट, नुसता फुफाटा. 310 फुटांवर पाणी उसळलं. आईनं त्या धारेला हळदकुंकू वाहिलं. झाडं वाचली. त्या रात्रीचा आनंद खरा होता, तो मी नाकारत नाही.

तीन आठवडेही झाले नसतील, ओढ्याच्या खालच्या अंगाला मामींची विहीर आटली. मामी गावच्या नात्यानं. मामी भांडायला आल्या नाहीत. कळशी घेऊन आमच्या बांधावर आल्या आणि म्हणाल्या, "नळी जरा हिकडं सोड रं." भांडल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

माझा समज असा, की त्यांची विहीर 40 फुटांची, माझं पाणी 300 फुटांखालचं. दोघांचा काय संबंध? संबंध आहे, हे एका भूवैज्ञानिकानं मला बांधावर बसून समजावलं. आपल्या पायाखाली लाव्हाचा काळा पाषाण आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. वाळूसारखा तो पाणी धरत नाही. वरचा मुरूम, झिजलेला खडक आणि भेगा, एवढीच त्याची साठवण. शंभर घनफूट खडकात जेमतेम दोन-तीन घनफूट पाणी. पावसाचं पाणी आधी या वरच्या थरात मुरतं आणि त्याच्यावरच विहिरी जगतात. बोअरला केसिंग, म्हणजे आतला पाइप, असतं वरच्या वीस-तीस फुटांना, खाली नुसतं उघडं भोक. त्या भोकातून वरच्या थरातलं पाणी खाली झिरपतं आणि आपण ते खालून उपसतो. म्हणजे मी नवं पाणी शोधलं नव्हतं. माठाला खालून भोक पाडलं होतं, आणि त्या माठातून मामीही पीत होत्या. 300 फुटांवरच्या भेगांत जे होतं, ते किती वर्षांनी तिथं पोचलेलं, कोण जाणे. मी ते दोन उन्हाळ्यांत संपवायला निघालो होतो.

"पण जमीन तुमची, पाणी तुमचं," असं लोक म्हणतात. ही समजूत जुनी आहे. 1882 च्या सुखाधिकार कायद्यात जमीनमालकाचा आपल्या हद्दीखालच्या पाण्यावरचा हक्क लिहून ठेवलाय. खडकाला सातबारा वाचता येत नाही, ही अडचण त्यात धरलेली नाही. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यानं 60 मीटरपलीकडच्या विहिरी खोल ठरवून त्यांना मनाई केली, पण गाड्या अजून रात्रीच्या येतातच.

मला धीर आला तो आमच्याच तालुक्यातल्या नायगावमुळे. 1972 च्या दुष्काळानं हलून पुण्याचे कारखानदार विलासराव साळुंखे इथं माळावर येऊन राहिले आणि पाणी पंचायत, म्हणजे गावानं पाणी वाटून घ्यायची व्यवस्था, उभी केली. पाणी माणशी अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. ऊस नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही, आणि ज्याला जमीनच नाही त्यालाही वाटा. या शेवटच्या नियमावर मी फार विचार केलाय. भूमिहीनाला पाण्यात वाटा असेल, तर अजून जन्मालाच न आलेल्याला का नसावा? त्याच्याही नावावर आज काही नाही. आणि तो कळशी घेऊन बांधावर येऊ शकत नाही.

म्हणून 2015 ला मोटर काढली. बोअरभोवती खड्डा घेतला, केसिंगला भोकं पाडून जाळी गुंडाळली, मोठे दगड, खडी, वाळू असे थर भरले. ओढ्याचं पाणी आता गाळून त्यात उतरतं. पहिल्या पावसाचं गढूळ पाणी तेवढं बाहेर काढून द्यावं लागतं, नाहीतर भेगा गाळानं बुजतात. वीस गुंठे ऊस मोडला. दीडशेतली नव्वद झाडं ठेवली, ठिबकवर. उत्पन्न घटलं, ते अजून पहिल्याइतकं झालेलं नाही. धाकट्या भावाला हे पटलेलं नाही. "पोरांसाठी चार पैसे नकोत का?" असं तो विचारतो. हवेतच. पण कोरड्या विहिरीची नोंद असलेला सातबारा त्यांच्या हाती देऊन मी काय सांगू?

मामींच्या विहिरीला पाणी यायला तीन पावसाळे लागले. आता त्यांची नात आणि माझी मुलगी दर एक तारखेला दोन्ही विहिरींत गाठी मारलेली दोरी सोडतात आणि वहीत लिहितात. पाडव्याच्या महिन्यात मामींकडे अकरा फूट होतं. काल मी मुद्दाम मोजायला लावलं, तर सहा. मृग लागायला अजून पंधरा दिवस आहेत.