घाट चढणारं इंजिन आणि त्याचा धूर

वाफेचं इंजिन म्हटलं की काळ्याकुट्ट धुराचा तो उंच खांब, फोटोत सगळ्यांना तोच हवा असतो आणि बघायला मलाही प्रचंड आवडतो. पण आमच्या कॉलनीतले एक काका छोट्या लाइनवर फायरमन, म्हणजे इंजिनाच्या आगीत कोळसा टाकणारे, होते, त्यांना असा फोटो दाखवला की पहिले कपाळावर आठी! कारण काळा धूर म्हणजे वाया चाललेला कोळसा, आगीला हवा कमी पडतेय आणि कार्बन न जळता तसाच वर जातोय. चांगला फायरमन एकदम ढीग ओतत नाही, थोडा थोडा, सगळीकडे पसरून टाकतो, मग वर नुसता फिकट राखाडी धूर दिसतो. आणि थंडीत जो पांढराशुभ्र ढग उठतो ना, तो धूर नाहीच, गार हवेत वाफेचे झालेले पाण्याचे बारीक थेंब आहेत ते.

मला तर सगळ्यात भारी वाटतो ब्लास्ट पाइप. सिलिंडरमधे काम करून सुटलेली वाफ धुराड्यातूनच वर सोडतात, ती जाताना धुराला ओढून नेते आणि त्या ओढीनं आगीत नवी हवा खेचली जाते, म्हणजे चढ लागला, ड्रायव्हरनं रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारा व्हॉल्व्ह) जास्त उघडला, की वाफ वाढते, ओढ वाढते आणि आग आपोआप भडकते. इंजिनावर जेवढा जोर तेवढा जाळ, वेगळा पंखा नाही काही नाही, काय डोकं लावलंय! छुकछुक पण त्याचीच, दोन सिलिंडर असले की चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके.

आता हे आपल्या इंदूरजवळच्या कालाकुंड-पातालपानी घाटात आणून बघा. तुकोजीराव होळकरांनी, म्हणजे दुसऱ्या, 1 कोटी रुपये कर्ज दिलं म्हणून झालेली ही खंडवा-इंदूर लाइन, घाटात चढ 40 ला 1, म्हणजे 40 फूट पुढे गेलं की 1 फूट वर, त्यामुळे गाडीला मागूनही इंजिन लावायचे. पुढे एक धुराडं, मागे एक, दोघांचे ठोके कधी जुळतायत कधी नाही, आणि दरीत सगळं घुमतंय.

2018 पासून तिथे हेरिटेज ट्रेन आहे, छानच आहे (कालाकुंडचा कलाकंद खाल्ल्याशिवाय येऊ नका), पण इंजिन डिझेलचं. चित्तरंजनच्या रेल्वे कारखान्यात शेवटचं वाफेचं इंजिन 1972 मधे बनलं ते या घाटासारखं मीटर गेजचंच (रुळांमधे एक मीटर अंतर) होतं, वायजी नावाच्या मॉडेलचं. त्यातलं एखादं चालू करून डिसेंबर-जानेवारीत घाटात आणा हो कोणीतरी, आणि फोटोवाल्यांनो, तेव्हा फायरमनकडे काळा धूर मागू नका, थंडीच्या सकाळी नुसती वाफच बघण्यासारखी असते!